ग्रीक ऑलिव्ह : खारात मुरणाऱ्या फळाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पिझ्झावरच्या काळ्या चकत्या खाऊन ‘मला ऑलिव्ह आवडत नाही’ असं ठरवून टाकलेली पुष्कळ माणसं मला भेटतात. त्यांच्यापुढे मी ग्रीसच्या कलामाता जातीची चार ऑलिव्ह, काकडी-टोमॅटो आणि पावाचा तुकडा ठेवते. मग प्रश्न सुरू होतात. गेल्या काही वर्षांत वारंवार आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

ऑलिव्ह झाडावरून तोडून तसंच खाता येतं का?

नाही, आणि एकदा चावून पाहिलंत तर पुन्हा विचारणार नाही. मी पाहिलं आहे. हिरवंगार, टपोरं, रसाळ दिसणारं फळ. पण दात लागताच कडू आणि तुरट चव जिभेला अशी चिकटते की पाणी पिऊनही बराच वेळ जात नाही. कारल्याचा कडूपणा याच्यापुढे सौम्य वाटावा.

हा कडूपणा मुख्यतः ओल्यूरोपिन नावाच्या द्रव्याचा. कच्च्या फळात ते भरपूर असतं, फळ पिकत जातं तसं कमी होतं, पण बहुतेक जातींमध्ये पूर्ण पिकल्यावरही खाण्याजोगं होण्याइतकं कमी होत नाही. शिवाय या फळात साखर अगदी थोडी आणि तेल भरपूर. त्यामुळे आंब्यासारखं पिकून गोड होणं त्याच्या नशिबी नाही. आपण ज्याला ‘ऑलिव्हची चव’ म्हणतो, तिचा मोठा भाग फळ उतरवल्यानंतर, मिठाच्या पाण्यात महिनोन्महिने पडून राहिल्यावर तयार होतो. कैरी आणि मुरलेलं लोणचं यांच्यात जेवढं अंतर, त्याहून जास्तच अंतर झाडावरच्या आणि बरणीतल्या ऑलिव्हमध्ये आहे.

हिरवी आणि काळी ऑलिव्ह वेगवेगळ्या झाडांची असतात का?

एकाच झाडाची असू शकतात. हिरवं म्हणजे कच्चं, काळं किंवा जांभळं म्हणजे पिकलेलं. ग्रीसमध्ये हिरव्या ऑलिव्हची तोडणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते, काळी त्यानंतर, नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत आणि काही जाती त्याहून उशिरा उतरवतात. मधल्या काळात फळ पाडाला येतं तेव्हा ते तांबूस-जांभळट दिसतं. कोणती जात हिरवी चांगली आणि कोणती काळी, हे मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठरलेलं आहे. हाल्किदिकीची जात प्रामुख्याने हिरवी मुरवतात, कलामाताची पिकल्यावर.

आता पिझ्झावरच्या त्या कोळशासारख्या काळ्या, रबरी चकत्यांबद्दल. त्यांतली बहुतेक झाडावर पिकून काळी झालेलीच नसतात. पुरती न पिकलेली फळं कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ठेवून, त्यात हवा खेळवून काळी करतात आणि रंग टिकावा म्हणून फेरस ग्लुकोनेट नावाचा लोहाचा क्षार घालतात. ही कॅलिफोर्नियाची पद्धत. खायला त्यात धोका नाही, पण आंबवण्यातून येणारी चव तिथे जवळजवळ नसतेच. बरणीवर ‘फेरस ग्लुकोनेट’ किंवा ‘ई ५७९’ लिहिलेलं दिसलं, तर आत काय आहे ते समजा. नैसर्गिक पिकलेल्या ऑलिव्हचा रंग एकसारखा नसतो. एकाच बरणीत काही जांभळी, काही तपकिरी, काही वांग्याच्या सालीसारखी दिसतात, आणि तीच चांगली खूण.

मग कडूपणा काढतात तरी कसा?

मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं ते याच प्रश्नावर, कारण पद्धत बदलली की चव बदलते.

ग्रीसमधली जुनी आणि अजूनही भक्कम टिकलेली पद्धत म्हणजे नुसता खार. पिकलेली फळं धुऊन सुमारे ८ ते १० टक्के मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायची. फळाच्या सालीवर आणि पाण्यात असलेले यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू हळूहळू कामाला लागतात. फळातली थोडी साखर संपते, पाणी आंबट होतं, कडू द्रव्य काही खारात उतरतं, काही तुटून जातं. याला सहा महिने लागतात, कधी वर्षही. घाई करता येत नाही. पण अशा ऑलिव्हमध्ये किंचित कडवटपणा शिल्लक राहतो, आणि त्यामागे फळाचा, वाइनचा, कधी ओल्या लाकडाचा वास येतो. माझ्या मते ग्रीक ऑलिव्हची खरी ओळख हीच.

दुसरी रीत चिरण्याची. फळाला उभ्या दोन चिरा द्यायच्या आणि रोज पाणी बदलत आठ-दहा दिवस साध्या पाण्यात ठेवायचं. चिरांमधून कडूपणा लवकर निघतो. मग खार, लाल वाइनचा व्हिनेगर आणि वर थोडं ऑलिव्ह तेल. कलामाता या रीतीने पुष्कळ करतात. ग्रीकमध्ये अशा चिरलेल्यांना ‘हाराक्तेस’ म्हणतात.

तिसरी रीत ठेचण्याची, हिरव्या फळांसाठी. दगडाने किंवा लाकडी हातोडीने एकच टोला, साल फुटेल पण बी फुटणार नाही इतकाच. मग पुन्हा रोज पाणी बदलणं. ही ‘त्साकिस्तेस’. दोन आठवड्यांत खाण्याजोगी होतात, चव ताजी, गवतासारखी, जराशी कडवट. फार टिकत नाहीत.

चौथी, कोरड्या मिठाची. पूर्ण पिकलेली फळं आणि जाड मीठ यांचे थरावर थर. मीठ पाणी ओढून घेतं, फळ सुरकुततं, कडूपणा त्या पाण्याबरोबर निघून जातो.

आणि पाचवी, सोड्याची. कॉस्टिक सोड्याच्या सुमारे २ टक्के द्रावणात फळं काही तास ठेवायची, द्रावण गराच्या दोन-तृतीयांश भागापर्यंत शिरलं की काढून भरपूर धुवायची, मग खारात आंबवायची. ही मूळ स्पॅनिश रीत. मोठी हिरवी ऑलिव्ह बहुतेक अशीच होतात. चव सौम्य, आंबटसर, कुरकुरीत.

खाराचं प्रमाण मोजायला ग्रीक घरांत जुनी युक्ती आहे. पाण्यात कच्चं ताजं अंडं सोडायचं आणि मीठ विरघळवत जायचं. अंडं वर येऊन त्याचा नाण्याएवढा भाग पाण्याबाहेर दिसला, की खार तयार.

कलामाता म्हणजे नेमकं काय? जात की गाव?

दोन्ही, आणि म्हणूनच गोंधळ होतो. कलामाता हे ग्रीसच्या पेलोपोनेस द्वीपकल्पाच्या दक्षिणेकडचं, मेसिनिया भागातलं शहर. त्याच्या नावाने ओळखली जाणारी जात बदामाच्या आकाराची, एका टोकाला किंचित वाकडी आणि टोकदार. त्या वाकड्या टोकावरून तिथे तिला गरुडाच्या नखाचं नावही आहे.

‘एलिया कलामातास’ या नावाला युरोपीय संघात १९९६ पासून संरक्षित उत्पत्तिस्थानाचा दर्जा आहे. आपल्याकडच्या भौगोलिक मानांकनाचा हा युरोपातला भाऊ. या नियमाने ते नाव मेसिनियातल्या ऑलिव्हपुरतंच. पण तीच जात लाकोनियात, पश्चिमेला आग्रिनिओच्या आसपास आणि मध्य ग्रीसमध्येही मोठ्या प्रमाणावर होते. तिथल्या शेतकऱ्यांनी आपल्या फळाला काय म्हणायचं, यावरून ग्रीसमध्ये वर्षानुवर्षं वाद चालले. जातीचं नाव म्हणून ‘कालामोन’ हा शब्द वापरतात तो यामुळेच. आपल्याकडे देवगड आणि इतर हापूस यांवरून जे होतं, ते आठवा.

माझं मत विचाराल तर लाकोनियातलं चांगलं मुरलेलं कालामोन मेसिनियातल्या घाईघाईने केलेल्या बरणीपेक्षा केव्हाही सरस. मात्र ‘कलामाता पद्धतीची’ असं लिहिलेल्या, कुठल्याही देशातल्या कुठल्याही जातीच्या बरण्यांपासून लांब राहा.

आणखी एक : कलामाताचं प्रसिद्ध तेल या फळाचं नसतं. ते मुख्यतः कोरोनेइकी नावाच्या लहानशा फळाच्या जातीचं. कलामाता जात खाण्यासाठी राखलेली.

कलामाताखेरीज कोणती ग्रीक ऑलिव्ह चाखावीत?

कोन्सेर्वोलिया पहिलं. गोलसर, मांसल, ग्रीसमध्ये फार पसरलेली जात. आम्फिसा, व्होलोसजवळचा पिलियोन डोंगर, स्तिलिदा, आर्ता अशा कितीतरी ठिकाणांच्या नावाने तिला वेगवेगळी मानांकनं आहेत. आम्फिसाचं रान तर डेल्फीच्या डोंगराखाली समुद्रापर्यंत पसरलेलं आहे. वरून पाहिलं की जमीन दिसत नाही, फक्त रुपेरी-हिरवी झाडं. तिथलं पिकलेलं ऑलिव्ह खारात मुरलं की मऊ, लोण्यासारखं होतं. कलामाताचा व्हिनेगरी झटका ज्यांना नको, त्यांनी इथून सुरुवात करावी.

हाल्किदिकी उत्तरेकडचं, थेस्सालोनिकीजवळच्या तीन बोटांच्या द्वीपकल्पातलं. मोठं, फिकट हिरवं, टणक. बी काढून आत बदाम, लसूण किंवा लाल मिरची भरलेली ऑलिव्ह बहुधा हीच.

थासोस बेटाचं ‘थ्रुम्बा’ मिठात सुकवलेलं, सुरकुतलेलं, काळ्या मनुकेसारखं दिसणारं. चव दाट, खारट, थोडी मशरूमकडे झुकणारी. अनोळखी जिभेला पहिल्यांदा जड वाटतं. थोडं ऑलिव्ह तेल आणि चुरडलेलं ओरेगानो लावून, पावाबरोबर एकेक खावं.

झाडावरच गोड होणारी ऑलिव्ह असतात असं ऐकलं, खरं का?

खरं आहे. खिओस बेटावर ‘हुर्मादेस’ नावाची ऑलिव्ह मिळतात, शब्दशः ‘खजूर’. दमट हवेत एक सूक्ष्म बुरशी पिकलेल्या फळावर वाढते आणि तिच्यामुळे फळातलं कडू द्रव्य झाडावरच तुटून जातं. सुरकुतलेलं, तपकिरी फळ मिठाशिवाय खाता येतं. दरवर्षी सारखं पीक येत नाही, सगळं हवेवर अवलंबून. क्रीटमध्येही रेथिम्नोच्या भागात झाडावर मऊ होऊन कडूपणा जाणारी थ्रुम्बा होतात. आपल्याकडच्या दुकानात ही मिळण्याची आशा ठेवू नका, पण त्या बेटांवर गेलात तर चुकवू नका.

बरणी घेताना काय पाहू?

आधी घटक वाचा. ऑलिव्ह, पाणी, मीठ, व्हिनेगर, फार तर ऑलिव्ह तेल आणि आम्लता ठेवणारा एखादा घटक. यादी लांबली की मी बरणी परत ठेवते. मग खार पाहा : जांभळट, जरासा गढूळ असला तरी चालतो. फळं खारात बुडालेली हवीत. ‘नैसर्गिक आंबवलेली’ असा उल्लेख असेल तर उत्तम.

‘जंबो’, ‘कलोसल’, ‘मॅमथ’ या शब्दांनी भुलू नका. ही ग्रीक व्यापारातली आकाराची मापं आहेत, एका किलोत किती फळं बसतात यावर ठरलेली. किलोला १८१ ते २०० म्हणजे जंबो, १२१ ते १४० म्हणजे कलोसल, ३५१ ते ३८० म्हणजे बुलेट्स. ऐकायला जंबो मोठं, प्रत्यक्षात कलोसल त्याहून मोठं. आणि चवीचा आकाराशी संबंध नाही. कोशिंबिरीत मला मध्यम फळंच जास्त आवडतात.

बी असलेली घ्यावीत की बी काढलेली?

बी असलेली. बी काढलेल्या फळात खार आतपर्यंत शिरतो आणि गर मऊ पडतो. बी काढायची असेल तर फळ पाटावर ठेवून सुरीच्या पात्याची चपटी बाजू वर दाबा, बी आपोआप सुटते. लहान मुलं जेवायला असतील तर हे आधीच करून ठेवा.

फार खारट लागतात. काय करू?

साध्या पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवा, पाणी एकदा बदला, निथळा. मग ऑलिव्ह तेल, लिंबाच्या सालीचा कीस, ठेचलेली लसणाची पाकळी आणि ओरेगानो लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी तीच ऑलिव्ह वेगळी लागतात. खायच्या आधी अर्धा तास बाहेर काढा. थंडगार ऑलिव्हची चव अर्धीच कळते.

सायप्रसमधले ग्रीक ठेचलेल्या हिरव्या ऑलिव्हना भरडलेले धणे, लसूण, लिंबू आणि तेल लावतात. धणे आपल्या घरात असतातच. तव्यावर जरा गरम करून जाडसर कुटा. ही कृती मी सगळ्यात जास्त वेळा करते.

बरणीत वर पांढरा थर आला. फेकून देऊ?

पातळ, पांढरा, साईसारखा थर बहुधा यीस्टचा असतो. चमच्याने काढून टाका, फळं बुडतील एवढा ताजा खार घाला. पण केसाळ बुरशी, हिरवा-काळा-गुलाबी रंग, कुजका वास किंवा गिळगिळीत फळ असं काही दिसलं, तर सगळी बरणी टाका.

उघडल्यावर कशी ठेवायची?

खारात बुडवून, फ्रीजमध्ये, कोरड्या स्वच्छ चमच्याने काढत. लोणच्याच्या बरणीला आपण जी शिस्त पाळतो तीच. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बाहेर ठेवू नका.

ग्रीक घरांत ऑलिव्ह कशाबरोबर खातात?

जवळजवळ सगळ्याबरोबर, पण फार सजवून नव्हे. जेवणाच्या टेबलावर लहान वाटीत ऑलिव्ह ठेवलेली असतात, जशी आपल्या ताटात डावीकडे चटणी-लोणचं. ‘फाकेस’ म्हणजे मसुरीचं दाट सूप, त्यात वरून व्हिनेगर, शेजारी ऑलिव्ह आणि पाव. पांढऱ्या घेवड्याचं सूप ‘फासोलादा’ असेल तरी तेच. उकडलेल्या रानभाज्यांवर, ज्यांना ‘होर्ता’ म्हणतात, तेल, लिंबू आणि बाजूला चार ऑलिव्ह.

‘होरिआतिकी’ म्हणजे गावाकडची कोशिंबीर, जिला जगभर ग्रीक सॅलड म्हणतात. टोमॅटोच्या मोठ्या फोडी, काकडी, कांदा, हिरवी ढोबळी मिरची, ऑलिव्ह, वर फेटा नावाच्या ग्रीक चीजचा अख्खा तुकडा, ओरेगानो आणि हात सैल सोडून घातलेलं ऑलिव्ह तेल. सॅलडची पानं यात नसतात. तळाशी साचलेल्या टोमॅटोच्या रसात आणि तेलात पाव बुडवून खाणं हा खरा शेवट. क्रीटमध्ये ‘डाकोस’ करतात : बार्लीचा कडक पाव, त्यावर किसलेला टोमॅटो, मऊ चीज, ऑलिव्ह.

उपासाशी ऑलिव्हचं नातं मला विशेष वाटतं. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात आणि कडक दिवशी ऑलिव्ह तेलही चालत नाही. पण ऑलिव्ह चालतं! तेल नको, पण तेलाने भरलेलं फळ चालेल, हा नियम उपासाला काय चालतं याची चर्चा रंगवणाऱ्या मराठी घराला लगेच समजेल. उपास सुरू होतो त्या ‘शुद्ध सोमवारी’ तीळ लावलेला ‘लागाना’ नावाचा चपटा पाव, ऑलिव्ह, हलवा आणि शिंपले-कोळंबीसारखं समुद्रातलं घेऊन लोक मोकळ्या माळावर जातात आणि पतंग उडवतात.

शिजवताना ऑलिव्ह केव्हा घालायचं?

शेवटच्या पाच-दहा मिनिटांत. फार वेळ उकळलं तर त्याचं मीठ रश्श्यात उतरतं आणि गर बेचव होतो. पदार्थात मीठ घालायचं ते ऑलिव्ह घातल्यानंतर, चाखून. टोमॅटो-कांद्यावर भाजलेला मासा, टोमॅटोतलं चिकन, संत्र्याच्या फोडी आणि पातळ कापलेला कांदा यांबरोबर कलामाता जमतं. पावाच्या कणकेत चिरलेली ऑलिव्ह मळून ‘एलिओप्सोमो’ करतात. त्यासाठी फळं निथळून, पुसून घ्या, नाहीतर कणीक सैल पडते.

मराठी स्वयंपाकात कुठे बसेल?

मी जपून वापरते. गोड्या मसाल्याच्या आमटी-रश्श्यात ऑलिव्ह अजिबात जुळत नाही. दालचिनी-लवंगेचा गोडवा आणि खाराची आंबट-कडवट चव एकमेकांना मारतात. पण मसुरीची साधी लसणाची आमटी, ज्वारीची भाकरी आणि बाजूला निथळलेली ऑलिव्ह हे ताट फाकेसच्या इतकं जवळ जातं की परकं वाटतच नाही. बी काढलेली कलामाता, लसूण, लिंबू आणि तेल खलबत्त्यात जाडसर कुटलं की भाकरीवर लावायला चटणी होते. मिक्सरमध्ये फिरवू नका, गुळगुळीत पेस्ट होऊन मजा जाते.

घरी मुरवता येतील का?

ताजी फळं मिळाली तर. महाराष्ट्राच्या मंडईत ती दिसत नाहीत. पण ऑस्ट्रेलिया आणि कॅलिफोर्नियातल्या मराठी मित्रांच्या अंगणात, रस्त्याकडेला ही झाडं असतात आणि फळं गळून वाया जातात. त्यांना माझा सल्ला : ठेचलेल्या हिरव्यांपासून सुरुवात करा. डाग नसलेली फळं ठेचा, पाण्यात बुडवा, रोज पाणी बदला. आठव्या दिवसापासून रोज एक चाखा. कडूपणा सोसेल इतका झाला की लिटरभर पाण्याला १०० ग्रॅम मिठाचा खार करा, लिंबाचा रस भरपूर घाला, फळं बुडलेली ठेवा आणि बरणी फ्रीजमध्येच ठेवा. मीठ किंवा आंबट कमी करू नका. चवीइतकाच तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे. सोड्याची रीत घरी करू नका, कातडी भाजते.

जलपाई म्हणजे ऑलिव्हच ना?

नाही. बंगाल-आसामात लोणचं घालतात ती जलपाई दिसायला हिरव्या ऑलिव्हसारखी, पण वेगळ्याच कुळातली. चव मुळात आंबट, कडू नाही.

रोज खाल्ली तर चालतात का?

ऑलिव्हमधली चरबी बहुतांशी ओलेइक आम्लाची, म्हणजे ऑलिव्ह तेलातलीच. लक्ष ठेवायचं ते मिठावर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि लोणचं-पापड खाणाऱ्या घरात ते आधीच ओलांडलेलं असतं. चार-पाच ऑलिव्ह खायची त्या दिवशी लोणचं वाढून घेऊ नका. रक्तदाबाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा.

उरलेल्या खाराचं काय करायचं?

कलामाताचा व्हिनेगर मिसळलेला खार मी टाकत नाही. एक-दोन चमचे सॅलडच्या तेलात फेटते, उकडलेल्या बटाट्यांवर शिंपडते, किंवा पनीरचे तुकडे त्यात तासभर ठेवते. फेटा घरात नसेल त्या दिवशी होरिआतिकीवर तेच पनीर घालते. फेटाची सर येत नाही, पण नुसत्या पनीरपेक्षा पुष्कळ बरं लागतं.